ओल गेल्यावरचा सुगंध

ऑक्टोबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर रात्री सातवीण दरवळू लागते. पांढरट-हिरव्या गुच्छांचा तो जड, गोडसर वास तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. कुणी त्यावर लुब्ध होतं, कुणाचं डोकं धरतं. प्राजक्त त्यामानाने भिडस्त: पहाटे सडा पडतो आणि ऊन तापायच्या आत वास उडून जातो. बाहेर असा सुगंधाचा हंगाम, आणि घरात कपाट उघडावं तर नाकाशी येतो तो कुबट वास, चार महिने मुरलेला.

दिवाळीच्या तोंडावर बाजारात रूम फ्रेशनरचे डबे, डिफ्यूझर आणि ‘इसेन्शियल ऑइल’च्या बाटल्यांची जी रेलचेल असते, ती याच वासाच्या जिवावर. पण ओलीवर सुगंध मारला की ओल तशीच राहते आणि वर लॅव्हेंडर बसतं. कुबट वास येतो बुरशीपासून. भिंतीच्या कोपऱ्यात, गाद्यांत, चामड्याच्या चपलांत, पुस्तकांच्या पुठ्ठ्यात ती वाढते आणि वाढताना उडून जाणारी रसायनं सोडत राहते. ती जिवंत असेपर्यंत कुठलंही अत्तर हरणारच. घट बसण्याआधी गोधड्या, सतरंज्या नदीवर नेऊन धुवायची जी रीत आपल्याकडे होती, तिच्यात धर्म किती आणि आरोग्य किती हा वाद बाजूला ठेवू; ऑक्टोबरचं कोरडं कडक ऊन वाया घालवू नये हे शहाणपण तिच्यात नक्की होतं. गाद्या गच्चीवर, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे, दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. बंद कप्प्यात उघड्या वाटीत अर्धी वाटी खाण्याचा सोडा ठेवला तर उरलासुरला वास तो शोषून घेतो. एवढं झाल्यावर घराला जो सुगंध लागतो तो फार थोडा लागतो, आणि थोडा सुगंध घरी करणं मुळीच अवघड नाही.

सुगंधी तेल म्हणजे वनस्पतीच्या पानात, सालीत, मुळात असलेला उडून जाणारा अंश. वाफेने तो सोडवायचा, वाफ थंड करायची, पाण्यावर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं तेल मात्र बहुधा दाबूनच काढतात. हे सगळं परदेशी वाटतं ते बाटलीवरच्या लेबलामुळे. खानदेशात हा धंदा जुना आहे.

पिंपळनेर, नंदुरबार, तळोद्याच्या डोंगरउतारांवर रोशा नावाचं गवत वाढतं. पावसाळा सरता सरता ते फुलोऱ्यावर येतं आणि तेव्हाच त्यात तेल सर्वांत जास्त असतं. म्हणजे हे अस्सल शरदातलं तेल. एकोणिसाव्या शतकात ओढ्याच्या काठी भट्ट्या लागत, कारण वाफ थंड करायला वाहतं पाणी लागे. मोठ्या हंड्यात गवत आणि पाणी, वर लिंपून बंद केलेलं झाकण, त्यातून निघालेली नळी पाण्यात बुडवलेल्या भांड्यात. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तिथे त्याचं काय होई, हा या कथेचा चविष्ट भाग. गुलाबाच्या तेलात आणि रोशाच्या तेलात जिरॅनिऑल हा मोठा घटक समान आहे. तेव्हा ऑटोमन साम्राज्यातल्या बल्गेरियात गुलाबाच्या पाकळ्या भट्टीत घालण्याआधी त्यांच्यावर रोशाचं तेल शिंपडत आणि निघालेला माल शुद्ध गुलाब म्हणून युरोपात विकत. तुर्की व्यापारी रोशाच्या तेलाला ‘इद्रिस यागी’ म्हणत, आणि युरोपात ते ‘टर्किश जिरॅनियम ऑइल’ या नावाने ओळखलं जाई. पॅरिसच्या बाईसाहेबांच्या रुमालावर नंदुरबारचं गवत दरवळत होतं, आणि बाईंना त्याचा पत्ता नव्हता. आज हेच तेल ‘पामारोझा’ म्हणून मिळतं, गुलाबाच्या तुलनेत अगदी स्वस्त, आणि घरासाठी माझ्या मते गुलाबापेक्षा बरं: गोड, पण गवताचा हिरवेपणा राखून.

ही गुलाबाची लबाडी अजून संपलेली नाही. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. त्यामुळे पंधरा मिलिलिटरची ‘शुद्ध गुलाब’ बाटली दोन-तीनशे रुपयांत मिळत असेल तर ती काय आहे हे वेगळं सांगायला नको. मोगऱ्याचंही तसंच. गवती चहासारखं नुसत्या वाफेने मोगऱ्याचं तेल हाती येत नाही. एकतर कनौजच्या पद्धतीने देगेत, म्हणजे भट्टीवरच्या हंड्यात, फुलं शिजवून त्यांची वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात मुरवावी लागते, नाहीतर द्रावकाने अर्क ओढावा लागतो. दोन्ही महाग. सफरचंद, स्ट्रॉबेरी, ‘पहिला पाऊस’ यांचं इसेन्शियल ऑइल नसतंच. (पहिल्या पावसाचं अत्तर मात्र आहे. कनौजला भाजक्या मातीचं ऊर्ध्वपातन करून ‘मिट्टी’ काढतात आणि ते सुरेख असतं.) घेताना बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का, बाटली गडद काचेची आहे का हे पाहावं. सगळ्या वासांच्या बाटल्यांना एकच किंमत असेल तर दुकानातून निघावं. घरी आल्यावर कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवावा. नीलगिरी, संत्रं, गवती चहा यांचा डाग जवळजवळ उडून गेला पाहिजे; भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग राहिला तर आत खाद्यतेल मिसळलेलं आहे. वाळा, चंदन, पाच ही जड तेलं डाग ठेवतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही.

बाटली न आणताही सुरुवात करता येते, कारण गवती चहाचं बेट बहुतेकांच्या अंगणात किंवा कुंडीत असतं. पावसाळ्यानंतर ते माजलेलंच असतं. पाव किलो पाती धुऊन, थोडी सुकवून बोटभर लांबीची कापावीत. मोठ्या पातेल्यात मधोमध एक अडणी ठेवावी, तिच्यावर रिकामी स्टीलची वाटी. अडणीच्या भोवती पाती घालून ती बुडतील एवढं पाणी ओतावं, पण वाटीच्या तळाला पाणी लागता कामा नये. पातेल्यावर खोलगट झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे त्याची मूठ वाटीच्या बरोबर वर येते. झाकणाच्या खोलगटात बर्फ. गॅस मंद. वाफ वर जाते, थंड झाकणाला लागते, थेंब होऊन मुठीवरून वाटीत टपकते. बर्फ वितळला की ते पाणी फडक्याने टिपून नवा बर्फ घालायचा. अर्ध्या-पाऊण तासात वाटी भरत येते. वाटीतलं पाणी किंचित गढूळ दिसतं आणि उजेडात तिरकं धरलं तर वर तेलाची पातळ साय चमकते. तेवढंच तेल. ताज्या गवती चहात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतं, म्हणून ते वेगळं काढायच्या फंदात पडू नये. गाळून, उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावं आणि आठवड्याभरात संपवावं. पडदे, सुती अभ्रे, दिवाणावरची चादर यांवर हा अर्क फवारला की खोली टवटवीत होते. रेशमावर आधी कोपऱ्यात करून पाहावं.

बाटलीतल्या तेलांचा फवारा करायचा असेल तर एक अडचण लक्षात घ्यावी: तेल पाण्यात मिसळत नाही. साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत आधी वीस-पंचवीस थेंब तेल, त्यावर केमिस्टकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल तीसेक मिलिलिटर, मग उकळून गार केलेलं पाणी. तरीही दर वेळी हलवूनच फवारायचं. आणि हा फवारा पेटत्या दिव्याजवळ कधीच नाही.

आता मिश्रण. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर अख्खा अध्याय लिहिला. सोळा सुगंधी द्रव्यांतून कुठलीही चार निवडली तर 1820 मिश्रणं होतात हे त्याने तिथे मांडलं आहे. प्रमाणं बदलली की आकडा आणखी फुगतो. ज्योतिषाच्या ग्रंथात अत्तराचं गणित यावं याचं मला राहून राहून कौतुक वाटतं. आपल्याला घरी चार द्रव्यं पुष्कळ झाली, फक्त ती वेगवेगळ्या वजनाची हवीत. हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. नुसतं संत्र्याचं तेल पंधरा-वीस मिनिटांत विरून जातं. त्याच्याखाली वाळा किंवा पाच असेल तर वास टिकतो. माझं आवडतं प्रमाण असं: संत्रं आठ थेंब, रोशा सहा, वाळा चार, लवंग एक. लवंगेचा एकच. तिच्यातलं युजिनॉल इतकं शिरजोर की दुसऱ्या थेंबाला खोलीत दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना उभा राहतो. चंदन परवडत असेल तर वाळ्याऐवजी घ्यावं, पण वाळा काही त्याची गरीब बहीण नव्हे. त्याच्या मुळातल्या मातकट गारव्याला शरदाच्या उकाड्यात तोड नाही.

वेताच्या काड्यांच्या डिफ्यूझरमध्ये तेल केशाकर्षणाने वर चढतं, म्हणून तिथे घट्ट खोबरेल चालत नाही. थंडीत ते गोठतं आणि काड्या बुजतात. वाळलेली बकुळीची फुलं, वाळ्याची तोडलेली मुळं, कपूरकाचरीचे तुकडे आणि दोन-चार लवंगा मलमलच्या पुरचुंडीत बांधून साड्यांच्या घडीत ठेवणं मला त्याहून पसंत आहे. वास मंदावला की पुरचुंडी चुरगाळायची. डांबराच्या गोळ्या मात्र तान्ह्या मुलांच्या कपड्यांत ठेवू नयेत. त्यातल्या नॅप्थॅलिनने काही बाळांच्या रक्तपेशी फुटू शकतात. पातेल्यात संत्र्याच्या साली, दालचिनी उकळत ठेवायची विलायती पद्धत अलीकडे फार दिसते. नागपूरला आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत येतात, हवा कोरडी होऊ लागते, तिथे खुशाल करावं. मुंबई-कोकणातल्या घरात दमटपणा घालवायला महिना घालवून पुन्हा वाफ सोडण्यात अर्थ नाही.

धूप करायचा तर सामान घरातच असतं. उटण्यासाठी आणलेल्या वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी यांचीच भरड, तिच्यात चौथाई राळ, बांधायला थोडं तूप आणि गुळाचं पाणी. बोटाएवढ्या वळ्या करून सावलीत आठवडाभर वाळवायच्या. कोळशाची पूड नसल्याने ही वळी आपली आपण जळत नाही, ती निखाऱ्यावरच ठेवायची. गुग्गुळाचं झाड अतिसंकटग्रस्त यादीत गेलं आहे, तो नाही घातला तरी धूप अडत नाही. धूर नैसर्गिक असला तरी फुप्फुसाला तो धूरच. दमेकऱ्याच्या घरी धूप अंगणातच बरा.

तेलांचंही असंच. संत्र्याच्या तेलातलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून थोडं फॉर्माल्डिहाइड आणि सूक्ष्म कण तयार करतं. म्हणून डिफ्यूझर अर्धा तास लावावा, बंद करावा, खिडकी उघडी ठेवावी. तसंही अर्ध्या तासात आपलं नाक त्या वासाला सरावतं आणि आपण उगाच थेंब वाढवत जातो. पाहुण्याला विचारावं, तो खरं सांगतो. मांजर असेल तर टी ट्री आणि लिंबूवर्गीय तेलं टाळावीत, ती पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात तोकडी असते. कापूर आणि नीलगिरी मुलांच्या हाताला लागता कामा नयेत, पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. ‘भीमसेनी’ म्हणून मिळणाऱ्या कापराचा पुष्कळसा माल टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनलेला असतो, हेही ठाऊक असू द्यावं. आणि दिवाळीपुरतं खास: पणतीच्या तेलात सुगंधी तेलाचे थेंब टाकू नयेत. लिमोनिनची वाफ पन्नास अंशांच्या आतबाहेरच पेट घेण्याजोगी होते.

उरलेल्या बाटल्या बूच घट्ट लावून अंधारात ठेवाव्यात. वाळा, पाच, चंदन वर्षागणिक मुरतात, त्यांना ठेवलेलं मानवतं. संत्रं आणि लिंबू वर्षभरात हवेने बिघडतात आणि मग त्वचेला झोंबतात. असं शिळं संत्र्याचं तेल फेकू नये: लोणच्याच्या नव्या बरणीवरच्या किमतीच्या चिकट लेबलावर दोन थेंब टाकून पाच मिनिटं थांबावं, सगळा गोंद बोटाने निघून येतो.