कॉलर माईक: महाग नको, तोंडाजवळ हवा

दिघ्यात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणाची मुलाखत घ्यायची म्हणजे आवाजाचं काम अवघडच. एमआयडीसीकडे वळणारे ट्रेलर, रिक्षांचे हॉर्न आणि १२ जानेवारी २०२४ला दिघा गाव स्थानकाचं उद्घाटन झाल्यापासून तिथल्या उद्घोषणाही. स्थानिक बातम्या देणारे, शिकवणीचे व्हिडिओ करणारे, हरिपाठ-कीर्तनाचं चित्रीकरण करणारे असे सगळे मग बिनतारी कॉलर माईक शोधू लागतात. आणि सल्ला एकच मिळतो: ‘नॉइज कॅन्सलेशनवाला घे, गाड्यांचा आवाज येणारच नाही.’

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. पंख्याची एकसुरी घरघर ही सोय बऱ्यापैकी कमी करते. पण अचानक वाजलेला हॉर्न किंवा शेजारी बोलणारा माणूस तिला नीट वेगळा काढता येत नाही. जोर वाढवला की बोलणाऱ्याचाच आवाज पोकळ होतो, शब्दांची शेवटची अक्षरं खाल्ली जातात. खरा फरक पडतो अंतराने. उघड्यावर माईक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की बोलणं सुमारे ६ डेसिबलने वाढतं. एक मीटरवरच्या फोनऐवजी माईक हनुवटीखाली २० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण वीतभर खाली लावला, तर जवळपास १४ डेसिबलचा फायदा. रस्त्याचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. स्वस्तातला माईकही इथे उत्तम काम देतो.

पण नेमकं लावण्यातच दुर्लक्ष होतं. पदराच्या आत अडकवलेला माईक प्रत्येक हालचालीला खरखरतो. मंगळसूत्राच्या वाट्या त्यावर आपटल्या की रेकॉर्डिंगमध्ये टकटक येते आणि ती नंतर काढता येत नाही. कीर्तनकारांच्या उपरण्याचंही तेच. कापड घासणार नाही, दागिना लागणार नाही अशी जागा आधी बोटाने चाचपून बघावी, मगच क्लिप लावावी. वाऱ्यासाठी फोमची टोपी पुरत नाही, केसाळ टोपी लागते. ती खोक्यात आहे का, हे विचारून घ्या.

आता खोक्यावरचा ‘२०० मीटर रेंज’ हा आकडा. तो मोकळ्या मैदानातला, मध्ये काहीही आड न येता मिळणारा. आजचे बहुतेक स्वस्त बिनतारी माईक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा भारतात २००५पासून विनापरवाना खुला आहे, म्हणून वायफाय आणि ब्लूटूथचीही गर्दी तिथेच. शिवाय शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. बोलणाऱ्याने फोनला किंवा कॅमेऱ्याला लावलेल्या रिसीव्हरकडे पाठ केली, की थोड्या अंतरावरही आवाज तुटू शकतो. दाट वस्तीत काम असेल तर रेंजच्या आकड्यापेक्षा ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंगची सोय आहे का, ते पाहावं. सिग्नल गेला तरी मूळ आवाज शाबूत राहतो. रोड वायरलेस गो २ किंवा डीजेआय माईक २मध्ये ती आहे. ज्यांना दोनदा बोलायला सांगता येत नाही अशांच्या मुलाखती घेणाऱ्याने यासाठी जास्त पैसे मोजावेत. घरात बसून शिकवणाऱ्याला त्याची गरज नाही.

जुना, ‘प्रोफेशनल’ यूएचएफ सेट स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२च्या लिलावात ५जीसाठी गेला; सेट त्याच पट्ट्यातला असेल तर तो कधी दगा देईल सांगता येत नाही.

‘एकच माईक घेऊ, मंडपातल्या स्पीकरलाही चालेल’ असा हिशेब मंडळांमध्ये हमखास होतो. फोनच्या टाइप-सीमध्ये खोचायच्या छोट्या रिसीव्हरमधून स्पीकरकडे आवाज नेण्याची सोय बहुधा नसतेच. असली तरी कॉलर माईक साधारणपणे सगळ्या दिशांचं ऐकतो. स्पीकरजवळ गेलात की शिट्टी सुरू. मंडपासाठी साउंडवाल्याचा हातातला माईकच बरा.

फोनचंही बघावं लागतं. आयफोनला १५पासून टाइप-सी आहे, त्याआधीच्यांना लाइटनिंग. गोल पिन असेल तर कॅमेऱ्याच्या पिनवर दोन काळ्या रेघा असतात, फोनच्या पिनवर तीन. चुकीची पिन खोचली तर फोन गुपचूप स्वतःचाच माईक वापरत राहतो. काही फोनच्या कॅमेरा अ‍ॅपमध्येही हेच होतं. त्यामुळे रेकॉर्डिंग चालू करून कॉलर माईकवर नखाने हलकं खरवडावं आणि लगेच ऐकून बघावं.

बिनतारी म्हणजे अधिक चांगला आवाज, हेही खरं नाही. तार नसण्याची सोय मिळते, तिचे पैसे लागतात. एका जागी बसून बोलणाऱ्याला बोयाचा बीवाय-एम१ हा ६ मीटर वायरचा माईक पुरतो, तो साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो. चालत बोलायचं असेल तर तोच माईक दुसऱ्या जुन्या फोनला लावून फोन खिशात टाका, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा आणि एडिटिंगमध्ये ती टाळी जुळवा. सिग्नल तुटण्याचा प्रश्नच येत नाही. माझं मत विचाराल तर कमी बजेटमध्ये याहून भरवशाचा मार्ग नाही.

तरीही बिनतारीच हवा असेल, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना स्वतःचा फोन आणि हेडफोन न्या. दुकानाबाहेर रहदारीत उभं राहून, रिसीव्हरकडे पाठ करून दोन मिनिटं बोला. ते ऐका, मग पैसे द्या.