घरांतील दिवे व त्यांचें आयुष्य

तिन्हीसांजेस देवापुढें समई लावावी, तिच्यांत तेल किती उरलें तें पाहावें, वातीची काजळी झाडावी, ही दक्षता आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. विजेचा दिवा आला आणि हें लक्ष बटणापुरतें उरलें. आतां एलईडी दिवा आला आहे, व तो वर्षानुवर्षें टिकतो असें ऐकून तेंहि आपण सोडून दिलें आहे. वास्तविक या दिव्याविषयीं प्रत्येक घरानें दोन प्रश्न विचारावयास पाहिजेत : तो वीज किती वांचवितो, आणि वेष्टनावर छापलेलें त्याचें आयुष्य खरोखर आपल्या पदरांत पडतें काय ?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक आहे. जुन्या दिव्यांत टंगस्टनची तार तापून उजेड पडे. तिला दिलेल्या विजेपैकीं शेंकडा पांच भागसुद्धां जेमतेम प्रकाशरूपानें बाहेर येत, बाकीची सारी उष्णतेंत जाई. साठ वॅटच्या त्या दिव्याचें काम आज नऊ वॅटचा एलईडी दिवा करतो. दिवा रोज पांच तास लागतो असें धरलें, तर जुन्यास वर्षाकाठीं सुमारें ११० युनिटें लागत, नव्यास सोळा-सतरा पुरतात. म्हणजे एका दिव्यामागें ९३ युनिटांची बचत. युनिटास आठ रुपये धरल्यास ती ७४४ रुपये होते. शिवाय नवी मुंबईंत वीज पुरविणाऱ्या महावितरणाचा दर पायऱ्यापायऱ्यांनीं चढतो : महिन्याचीं पहिलीं १०० युनिटें स्वस्त, त्यापुढलीं महाग. मोठ्या कुटुंबाचें बिल वरच्या पायरीवर गेलेलें असल्यानें वांचणारें युनिट हें नेमकें महागडें युनिट असतें. ज्यांच्या घरीं पाऱ्याचे सीएफएल दिवे होते, त्यांची बचत अर्थातच याहून कमी. पण फुटलेल्या दिव्यांतून पारा बाहेर पडण्याचें भय टळलें, हा लाभ कांहीं लहान नव्हे.

हा दिवा सामान्य संसारास परवडूं लागला त्यास फार वर्षें झालीं नाहींत. तांबडा प्रकाश देणारा डायोड १९६२ सालीं निघाला. परंतु प्रखर निळा डायोड हातीं येईपर्यंत पांढरा प्रकाश साधेना. जपानांत काम करणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांनीं तो साधला, आणि त्याबद्दल २०१४ सालीं त्यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या डायोडवर पिवळ्या स्फुरक द्रव्याचा लेप देतात, आणि दोहोंच्या मिश्रणाचा प्रकाश डोळ्यांस पांढरा दिसतो. आपल्याकडे ५ जानेवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारनें घरगुती दिव्यांची योजना सुरू केली. तीच पुढें 'उजाला' या नांवानें प्रसिद्ध झाली. ठोक खरेदीमुळें २०१४ सालीं ३१० रुपयांस पडणारा दिवा २०१६ पर्यंत सरकारास ३८ रुपयांस मिळूं लागला.

आयुष्याचा प्रश्न मात्र इतका सरळ नाहीं. १९२४ सालीं जगांतील बड्या दिवे-कारखानदारांनीं जिनिव्हा येथें संघ स्थापून तारेच्या दिव्याचें आयुष्य १००० तासांवर बांधून टाकलें होतें. आज वेष्टनावर १५,००० अथवा २५,००० तास लिहिलेले असतात. रोज पांच तासांच्या हिशेबानें १५,००० तास म्हणजे आठ वर्षांहून अधिक, आणि २५,००० तास म्हणजे साडेतेरा वर्षांहून अधिक काळ. परंतु हे आंकडे बहुधा दिवा विझण्याचे नसतात. प्रकाश कमी होत होत मूळच्या शेंकडा ७० वर येईपर्यंतचा काळ, असा त्यांचा शास्त्रीय अर्थ आहे. तेहि पूर्ण मोजलेले नसतात : २५,००० तास म्हणजे अखंड जळणाऱ्या दिव्याचीं जवळजवळ तीन वर्षें. म्हणून डायोडची कांहीं हजार तास परीक्षा करून पुढील ऱ्हासाचें अनुमान काढण्याची रीत आहे.

आणि ही परीक्षा डायोडची. दिवा बंद पडतो तो पुष्कळदां डायोडच्या दोषानें नव्हे. त्याच्या बुडाशीं असलेलें लहानसें यंत्र घरची २३० व्होल्टची उलटसुलट वीज डायोडला सोसेल अशी करून देतें. त्यांतील कपॅसिटर उष्णतेनें सुकत जातो. दहा अंश उष्णता वाढली कीं त्याचें आयुष्य सुमारें निम्मे होतें. डायोड एकामागें एक ओंवलेले असले, तर एकाचा सांधा निखळतांच सारी माळ अंधारते.

नवी मुंबईच्या घरांत या दिव्याची परीक्षा जरा कठोरच होते. सिडकोनें १९७० पासून ठाणे खाडीच्या कांठीं हें शहर वसविलें. खाडीकांठची दमट हवा विद्युत्-सांध्यांस मानवत नाहीं. त्यांत हौसेनें केलेल्या पीओपीच्या छतांत दिवे गाडून टाकतात, किंवा कांचेच्या बंद गोळ्यांत कोंडतात. दिव्याचा उजेड थंड दिसला तरी त्याची पाठ तापत असते, आणि ती उष्णता जाण्यास वाट नसते. तेव्हां अमुक कंपनीचा दिवा दोन वर्षांत गेला म्हणून बोटें मोडण्यापूर्वीं तो कोठें बसविला होता हें पाहणें न्यायाचें होईल.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. जुना दिवा जाई तो फट्कन् जाई, आणि त्याच दिवशीं दुसरा येई. नवा दिवा विझत नाहीं, मंदावतो. आणि तें मंदावणें इतकें सावकाश असतें कीं घरांत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्यांना तें बाधतें त्यांना तर तें सांगतांहि येत नाहीं. वय वाढतें तसें डोळ्यांतील भिंग पिवळट होतें, बाहुली आकसते, आणि साठीनंतरच्या डोळ्यांत तरुणाच्या मानानें पुष्कळच कमी प्रकाश पोंचतो. आजोबांना पोथीचीं अक्षरें दिसेनाशीं होतात, आजींना न्हाणीघराचा उंबरठा कळत नाहीं, आणि दोघेंहि दोष आपल्या डोळ्यांना देतात. एकत्र कुटुंबांत नवा, लखलखीत दिवा बैठकीच्या खोलींत लागतो, तेथला जुना स्वयंपाकघरांत जातो, आणि तेथला त्याहून जुना वडीलधाऱ्यांच्या खोलींत. आमच्या मतें हा क्रम उलटा केला पाहिजे. जेथें सुरीनें भाजी चिरली जाते व जेथें रात्रीं म्हातारीं माणसें उठतात, तेथें पहिला हक्क.

वीज कमी लागते म्हणून दिवे वाढवीत सुटणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. तेणें बचत हळूहळू ओसरते. झोपेपूर्वीं निळसर पांढरा उजेड टाळून सुमारें २७०० केल्विनचा पिंवळसर दिवा लावावा. अतिप्रकाशाचा प्रश्न घराबाहेरहि आहे. २०२४ सालीं नेरूळच्या डीपीएस तळ्याच्या परिसरांत कांहीं रोहित पक्षी मृत आढळले, तेव्हां पक्षिप्रेमींनीं पाण्याच्या अडलेल्या वाटेबरोबर तेथील प्रखर एलईडी दिव्यांकडेहि बोट दाखविलें होतें.

खरेदीच्या वेळीं केवळ वॅट पाहूं नयेत, ल्यूमेन पाहावेत. नऊ वॅटच्या चांगल्या दिव्यास ९०० च्या आसपास ते मिळतात. भारतीय मानक ब्यूरोची खूण, ऊर्जा-बचतीचे तारे व हमीची मुदत तपासावी. दिवा बसवितांना बुडावर तारीख लिहावी, पावती जपून ठेवावी; मुदतींत गेला तर बदलून घेण्यास संकोच कसला ? गेलेला दिवा ओल्या कचऱ्यांत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. आणि वर्षांतून एकदां, दिवाळीची झाडलोट करतांना, धूळ पुसून नव्या दिव्याशेजारीं जुना लावून पाहावा. फरक डोळ्यांस जाणवला कीं जुना दिवा माळ्यावर अगर सज्जांत हलवावा, आणि नवा ज्येष्ठांच्या खोलींत लावावा.