पिलाचें यकृत : औषध कीं शस्त्रक्रिया ?

जेवणानंतर पिलूं भ्रमिष्टासारखें गोल फिरूं लागतें, भिंतीला डोकें टेकून उभें राहतें, भावंडांपेक्षां खुरटें दिसतें. आणि घरांतील वडील मंडळी दृष्ट काढावयास मीठमोहऱ्या शोधूं लागतात. पग, यॉर्कशायर टेरिअर, माल्टीज अशा लहान जातींत हीं लक्षणें दिसल्यास जन्मजात यकृतदोषाचा संशय घ्यावा.

आंतड्यांतील रक्त एका मोठ्या शिरेनें यकृतांत जाऊन शुद्ध व्हावें, हा देहधर्म. कांहीं पिलांत त्या शिरेला जन्मतःच एक आडवाट फुटलेली असते. रक्त यकृत टाळून परस्पर हृदयाकडे जातें, त्यांतील अमोनिया मेंदूपर्यंत पोंचतो, आणि यकृताची वाढ खुंटते. उपाशीपोटीं व जेवणानंतर दोन तासांनीं रक्तांतील पित्ताम्लें मोजलीं म्हणजे संशय दृढ होतो. आडवाट कोठें आहे हें सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅनवरून कळतें.

लॅक्ट्युलोज नांवाचें पाकासारखें गोड औषध अमोनिया आंतड्यांतच अडकवून मळावाटे बाहेर काढतें. जोडीला जंतुनाशक औषध व बेताच्या प्रथिनाचा आहार असतो; मांसापेक्षां पनीर, सोयाबीन अधिक मानवतात. प्रथिन मुळींच तोडणें मात्र वाढत्या जिवाचा घात होय. पिलूं हुषार दिसूं लागतें, आणि लगेच "आतां चिरफाड कशाला ?" असा सूर घरांत निघतो. पण वाट उघडीच असते.

शस्त्रक्रियेंत ती बहुधा एकदम बांधीत नाहींत. यकृताकडील शिरांत रक्ताचा दाब चढून पिलूं दगावण्याची भीति असते. म्हणून तिच्याभोंवतीं एक कडें बसवितात. त्याच्या आंत केसिन, म्हणजे दुधांतलेंच प्रथिन, असतें. तें ओलावा शोषून फुगतें व वाट कांहीं आठवड्यांत आवळत जाते. गोरसाचा हा उपयोग आमच्या पाकशास्त्रांत कोणास सुचला नव्हता ! थोराड जातींत आडवाट बहुधा यकृताच्या आंतच असते. तेथें काम अधिक बिकट.

2014 सालीं अमेरिकन पशुवैद्यक संघाच्या नियतकालिकांत 124 कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. 97 कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, 27 औषधावर होतीं. शस्त्रक्रिया झालेलीं अधिक जगलीं. पण निदानाच्या वेळच्या वयानें आयुर्मानांत फरक पडला नाहीं. मला ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. पैसे जमेपर्यंत, घरांतील चौघांचें एकमत होईपर्यंत, पिलाला औषधावर सांवरून धरतां येतें.

शस्त्रक्रियेनंतर झटके येऊन पिलूं गेल्याचीं उदाहरणें आहेत. तरीहि वाट यकृताबाहेर असेल, शल्यविशारद अनुभवी असेल व खर्च झेपणारा असेल, तर मी शस्त्रक्रियेच्या बाजूचा. पण ज्या घरीं मुलांची फी व आजीचें औषध आधीं भागवावें लागतें, त्यांनीं पिलूं औषधावर सांभाळल्यास त्यांस निर्दय म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. अशा घरीं औषध देणारा हात एकच नेमावा, आणि पानांतले तुकडे टाकणारे बाकीचे हात त्यानें आवरावेत. एकत्र कुटुंबांत हेंच काम शस्त्रक्रियेहून अवघड.