कबाब फुटू नये, कोरडा होऊ नये आणि कच्चाही राहू नये

आहारातील प्रथिनांविषयी रुग्णांना सल्ला देताना मी कोंबडीचे नाव घेतो, तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, रश्श्यातली कोंबडी मुले खात नाहीत, कबाब मागतात. पण कोंबडीच्या खिम्याचे कबाब तव्यावर फुटतात आणि फुटले नाहीत तर लाकडासारखे कोरडे होतात. काय करावे?" मटणाचा खिमा महाग झाल्यापासून कोंबडीचा खिमा अनेक घरांत येऊ लागला आहे. हाच कबाब पावात घातला की मुलांच्या भाषेत त्याचा बर्गर होतो. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्या घरांतून टर्की या मोठ्या पक्ष्याच्या खिम्याबद्दलही हीच तक्रार ऐकू येते. टर्की काय किंवा आपली कोंबडी काय, दोन्हींच्या मांसाचा गुण सारखाच आहे.

प्रश्न स्वयंपाकाचा वाटला तरी तो आरोग्याचाही आहे. कबाब फुटू नये म्हणून काही जण मोठ्या आचेवर झटपट तळतात. तेव्हा वरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो. कच्चा राहील या भीतीने दुसरे काही जण तो जळेपर्यंत भाजतात. मग तो कोरडा होतो आणि मुले ताटात टाकून उठतात. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे मोठी आच. जी पद्धत कबाब रसाळ ठेवते, तीच तो आतपर्यंत शिजवते.

खिमा आणि तुकडे यांत फरक काय?

कोंबडीच्या मांसावर सालमोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. अखंड तुकड्यावर ते प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात. खिमा करताना मात्र पृष्ठभाग आणि आतला भाग एक होतो, त्यामुळे बाहेरचे जंतू कबाबाच्या मध्यभागी जाऊन बसतात. आपला खानदेशी काळ्या मसाल्याचा रस्सा अर्धा तास रटरटतो, म्हणून त्यात हा धोका फारसा उरत नाही. कबाब तव्यावर जेमतेम दहा मिनिटे असतो. तेवढ्या वेळात त्याच्या अगदी मधल्या भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोचले पाहिजे. तेथे जंतू मरतात.

आता रसाळपणाचे पाहू. मांसातील प्रथिने तापू लागली की आकसतात आणि ओला कपडा पिळावा तसे आतले पाणी बाहेर टाकतात. ७४ अंशांवर बरेचसे पाणी अजून आत असते. तापमान ९० अंशांच्या घरात गेले की त्यातले आणखी बरेच निघून जाते. मटणाच्या खिम्यात चरबी भरपूर असल्याने ही चूक झाकली जाते. कोंबडीच्या छातीच्या मांसात चरबी अगदी थोडी असते, म्हणून ते चूक माफ करत नाही.

खिमा आणताना

निव्वळ छातीचा खिमा घेऊ नये. निम्मी छाती आणि निम्मी मांडी असे मांस घ्यावे. मांडीच्या मांसात चरबी जरा अधिक असते, तिने कबाब मऊ राहतो. ज्यांना चरबी कमी ठेवायची आहे, त्यांनी छातीचेच मांस घेऊन त्यात दोन छोटे चमचे शेंगदाण्याचे तेल मिसळावे. कातडी घेऊ नये, कोंबडीची सर्वाधिक चरबी तिच्यालगत असते.

आपल्याकडे घरी आणलेला खिमा चाळणीत घालून नळाखाली धुण्याची पद्धत आहे. कबाब फुटण्याचे हे एक मोठे कारण आहे. धुतलेला खिमा पाणी धरतो, ते पाणी तव्यावर सुटते आणि कबाब विरघळल्यासारखा पसरतो. शिवाय नळाच्या धारेने उडालेले शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर आणि भांड्यांवर जंतू पसरवतात. धुतल्याने जंतू जात नाहीत, ते शिजवल्यानेच जातात. मन मानतच नसेल, तर खिमा करण्याआधी मांसाचे तुकडे पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावेत, स्वच्छ फडक्याने टिपावेत आणि मग खिमा करावा. ते फडके लगेच गरम पाण्यात साबणाने धुवावे. घरी मिक्सरवर खिमा करणार असाल, तर तुकडे अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवून थोडे कडक होऊ द्यावेत आणि मिक्सर थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवला की मांस तापते आणि त्याचा लगदा होतो.

आपल्या जिल्ह्यातील उन्हाळा लक्षात घेऊन आणखी एक गोष्ट सांगतो. जंतूंना सोयीचे वातावरण मिळाले तर दर वीस मिनिटांनी त्यांची संख्या दुप्पट होऊ शकते. याचा अर्थ तीन तासांत एकाचे पाचशे बारा होतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना सकाळी बाजारात घेतलेला खिमा पिशवीत घेऊन दुपारपर्यंत हिंडू नये. इतर बाजार आटोपून खिमा शेवटी घ्यावा, तासाभरात घरी आणावा आणि त्याच दिवशी शिजवावा. वीज बराच वेळ गेली असेल, तर बंद फ्रिजच्या भरवशावर खिमा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवू नये.

कबाब कशाने धरतो?

बऱ्याच जणांना वाटते की अंडे आणि बेसन भरपूर घातले की कबाब धरतो. खरे काम मीठ करते. मीठ लावून खिमा मळला की मांसातील काही प्रथिने सुटी होऊन चिकट होतात आणि तव्यावर तापताच घट्ट होऊन सगळे कण एकमेकांना बांधून ठेवतात. म्हणून खिम्यात आधी फक्त मीठ घालून दोन-तीन मिनिटे मळावे. गोळा तळहाताला चिकटू लागला की थांबावे. त्याहून जास्त मळल्यास कबाब रबरासारखा होतो. मळताना खिमा थंड असावा.

अर्धा किलो खिम्याला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा मीठ पुरते. त्यात आठ कबाब होतात. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक मीठ येते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगितले आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने एखादा कबाब खायला हरकत नाही, मात्र त्यासोबत लोणचे, पापड आणि बाटलीतले सॉस घेऊ नये.

दुसरा आधार म्हणजे पाणी धरून ठेवणारा पदार्थ. पावाचे दोन काप तीन-चार चमचे दुधात भिजवून, कुस्करून खिम्यात घालावेत. पाव नसेल तर उकडलेला एक लहान बटाटा किंवा फुटाण्याच्या डाळीचे दोन चमचे पीठ चालते. मांस आकसताना जो रस सोडते, तो हे पदार्थ शोषून आतच ठेवतात. अंडे घातले तरी चालेल, पण ते आवश्यक नाही. बेसनाचा भडिमार केला तर कबाब धरतो खरा, पण खाणाऱ्याला भजे खाल्ल्यासारखे वाटते.

कांदा बारीक चिरावा, त्याला चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळावा, किंवा थोड्या तेलावर परतून गार करून घालावा. कच्चा, न पिळलेला कांदा तव्यावर पाणी सोडतो आणि कबाब तेथेच तडकतो. आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आपल्या आवडीने घालावी. सातपुड्यातील आमचूर असेल तर चिमूटभर पुरे. कच्ची पपई मात्र घालू नये. तिच्यातील पाचक रस मांस विरघळवतो. मोठ्या तुकड्यांना ती ठीक आहे, खिम्याचा मात्र तिने चिखल होतो.

मिश्रणाची चव कच्ची पाहू नये. लिंबाएवढा गोळा तव्यावर पूर्ण भाजून चव घ्यावी. कबाब धरतो की नाही, हेही त्यातच कळते.

भाजण्याची रीत

तळहाताला किंचित तेल लावून बोटाच्या जाडीचे, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर जाडीचे कबाब थापावेत. मध्यभाग अंगठ्याने थोडा दाबून कडेपेक्षा पातळ ठेवावा. भाजताना कबाब मध्ये फुगतो, खळगा ठेवला की तो सपाट राहतो आणि मधला भाग लवकर शिजतो. थापलेले कबाब झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत.

जाड तवा मध्यम आचेवर तापवून दोन छोटे चमचे तेल सोडावे. कबाब ठेवल्यावर तीन मिनिटे त्याला हात लावू नये. खालची बाजू भाजली की तो आपणहून तवा सोडतो. त्याआधी उलथणे घातले तर तो मोडणारच. उलटल्यावर आच मंद करावी, झाकण ठेवावे आणि चार ते सहा मिनिटे वाफेत शिजू द्यावा. चुलीवर करणार असाल तर लाकडे मागे ओढून निखाऱ्यांवर करावे. उलथण्याने कबाब दाबू नये. तेव्हा येणारा चर्र आवाज आतला रस तव्यावर गेल्याचा असतो. उतरवल्यावर तीन मिनिटे तसाच राहू द्यावा, म्हणजे रस आत मुरतो.

शिजला हे कसे ओळखावे?

केवळ रंगावर विसंबू नये. कोंबडीचे मांस पुरेसे तापण्याआधीच पांढरे दिसू लागते. त्यात आपल्या नंदुरबारची लाल मिरची आणि हळद पडली की आतला रंग पूर्ण झाकला जातो. म्हणून सर्वांत जाड कबाब मधोमध मोडून पाहावा. आतून वाफ आली पाहिजे, सुटणारा रस स्वच्छ असला पाहिजे आणि कोठेही बुळबुळीत, लगद्यासारखा भाग राहता कामा नये. शंका असेल तर झाकण ठेवून मंद आचेवर आणखी दोन मिनिटे ठेवावे. स्वयंपाकाचा सुईसारखा तापमापक आता बाजारात मिळतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो कबाबाच्या कडेतून मध्यापर्यंत खुपसून ७४ अंश पाहावेत. ताप मोजण्याचा तापमापक मात्र यासाठी वापरू नये. तो ४२ अंशांच्या आसपास संपतो आणि काचेचा असेल तर फुटून पारा अन्नात पडेल.

कच्च्या खिम्याचे ताट, सुरी आणि हात साबणाने धुतल्याशिवाय शिजलेल्या कबाबाला लावू नयेत. ज्या ताटात कच्चे कबाब थापले, त्याच ताटात भाजलेले काढण्याची सवय अनेक घरांत आहे. ती मोडावी.

सिकल सेलच्या घरांत अधिक दक्षता

हा विषय मी इतक्या विस्ताराने मांडण्याचे खरे कारण येथे आहे. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजात, सिकल सेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि रक्तातील काही जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. निरोगी माणसाला सालमोनेलामुळे बहुधा काही दिवस जुलाब होतात आणि तो बरा होतो. सिकल सेलच्या मुलात तोच जंतू रक्तातून हाडापर्यंत पोचून हाडाचा जंतुसंसर्ग करू शकतो. त्याचे दुखणे सिकल सेलच्या नेहमीच्या कळांसारखेच असते, म्हणून घरचे लोक नेहमीच्या गोळ्यांवर दिवस काढतात आणि उपचाराला उशीर होतो.

अशा मुलांना कोंबडी वर्ज्य नाही, उलट प्रथिनांची त्यांना गरज आहे. शंभर ग्रॅम कोंबडीतून सुमारे वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. फक्त त्यांच्या ताटातला कबाब मोडून पाहिल्याशिवाय वाढू नये. गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि मधुमेही यांनाही हाच नियम लावावा.

बर्ड फ्लूच्या भीतीविषयी

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरला आढळला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो नवापुरात पुन्हा आला. दोन्ही वेळा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि लोकांनी कोंबडी खाणे सोडले. २००६ च्या त्या साथीत माणसांत लागण आढळली नाही. हा विषाणूही ७० अंशांवर नीट शिजवल्यास मरतो. त्याचा धोका आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांना हाताळण्यात असतो. साथीच्या काळात मेलेली कोंबडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, साफ करू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

उरलेले कबाब आणि पोट बिघडल्यास

उरलेले कबाब दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरात, फ्रिजमध्ये ठेवावेत. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावेत. उन्हाळ्यात शाळेच्या डब्यात कबाब देऊ नये.

जुलाब लागल्यास पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मुलांना आपल्या मनाने देऊ नयेत. शौचातून रक्त पडणे, लघवी कमी होणे, मूल सुस्त पडणे किंवा सतत उलट्या होणे यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांकडे जावे. सिकल सेलच्या रुग्णाला जुलाबाबरोबर ताप आला, किंवा जुलाबानंतर एखाद्या हाडाला सूज येऊन दुखू लागले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे आणि सिकल सेलचे कार्ड सोबत न्यावे.