टाकलेल्या तुकड्यांवरचा सराव : मार्गारेट बूथ

सिनेमा बघताना मुलांना नट दिसतात, प्रसंगाला प्रसंग जोडणारा संकलक दिसत नाही. आज अशाच एका संकलिकेची ओळख करून घेऊ.

मार्गारेट बूथ यांचा जन्म १८९८ साली लॉस एंजेलिसला झाला. त्यांचा भाऊ एल्मर चित्रपटांत नट होता. १९१५ मध्ये तो मोटार अपघातात गेला नि घरची कमाई थांबली. शाळा संपलेली मार्गारेट दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्याकडे फिल्मचे तुकडे जोडायला लागली. तेव्हा फिल्मच्या कडेला क्रमांक नसत. निगेटिव्ह आणि प्रिंट नुसत्या डोळ्यांनी जुळवायची. एका चौकटीत हात जरासा वर, पुढच्यात जरासा खाली, एवढाच काय तो फरक!

पुढे ती दिग्दर्शक जॉन स्टाल यांच्याकडे गेली. काम संपलं तरी ती थांबायची आणि त्यांनी टाकून दिलेल्या तुकड्यांतून प्रसंग जुळवून बघायची. एकदा स्टाल यांना एक प्रसंग काही केल्या जमेना. त्यांनी तिने जुळवलेला पाहिला आणि तोच घेतला.

१९३९ ते १९६८ मार्गारेटबाई एमजीएम स्टुडिओच्या प्रमुख संकलक होत्या. १९७८ मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळालं.

वर्गात किंवा घरी करून बघा : गोष्टीची पाच चित्रं मुलांना द्या, क्रम बदलायला सांगा. एखादं चित्र काढून टाकायलाही सांगा. गोष्ट कशी बदलते ते मुलंच सांगतील. संकलन म्हणजे काय, ते वेगळं समजावावं लागणार नाही.