नाण्याला गुण कोण देतो?

गुरुजी, हा अनुभव तुमच्या रोजच्यातला असेल. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांपुढे ठेवली, तर एकाकडून 62 गुण येतात आणि दुसऱ्याकडून 58. दोघेही प्रामाणिक, दोघेही अनुभवी. एकाने नीटनेटक्या मांडणीला मान दिला, दुसऱ्याने दिला नाही, एवढेच. पण त्या चार गुणांवर पहिला वर्ग अडलेला असला, तर मुलाच्या दृष्टीने ती गोष्ट लहान राहत नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हांलाही यात नवल वाटायचे नाही. एकाच पोत्यातली ज्वारी एक व्यापारी तळहातावर घेतो आणि म्हणतो, “माल एक नंबर!” दुसरा तीच मूठ उजेडात धरून नाक मुरडतो. दाणा तोच, बघणारा बदलला की भाव बदलला.

अगदी हाच प्रकार नाण्यांच्या बाबतीत घडतो, आणि तो अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडतो. तिथे नाण्यांची पारख करून त्यांना गुण देणे हा एक स्वतंत्र धंदाच आहे. आपण नाणे पाठवायचे, फी भरायची. संस्थेचे परीक्षक ते खरे की खोटे हे पाहतात, त्याला 1 ते 70 यांपैकी गुण देतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून परत धाडतात. आत चिठ्ठी असते, तिच्यावर गुण छापलेले असतात. संग्राहक या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, हा सत्तरचा आकडा कुठून आला? शंभर का नाहीत? त्याचीही गंमत आहे. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1949 साली तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटांवर एक पुस्तक लिहिले. अगदी झिजलेल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या सेंटाला 1 गुण धरला, तर उत्तमातल्या उत्तम सेंटाला बाजारात सुमारे 70 पट किंमत मिळते, असा त्याचा हिशेब होता. म्हणून कमाल गुण 70. तो किमतीचा हिशेब पुढे टिकला नाही. आकडा मात्र टिकला, आणि सगळ्याच नाण्यांना लागू झाला. पी.सी.जी.एस. या संस्थेने 1986 साली आणि एन.जी.सी. या संस्थेने 1987 साली काम सुरू केले. आज या धंद्यात याच दोघींचे नाव मोठे आहे.

या व्यवस्थेचा उपयोग नाही असे मुळीच नाही, बरं का. पूर्वी विकणारा म्हणे, “नाणे नवेकोरे आहे,” आणि घेणाऱ्याला ते मुकाट्याने मानावे लागे. ज्याचा माल, त्याचीच साक्ष! तिऱ्हाइताने पारख केल्यामुळे खोट्या नाण्यांना मोठा आळा बसला. जुन्या नाण्यात झीज दिसते, पुसट अक्षर दिसते, त्यामुळे दोन जाणत्यांचे मत फार लांब जात नाही.

खरी अडचण येते ती आधुनिक नाण्यांची. अमेरिकेच्या टाकसाळीतून 1986 पासून ‘सिल्व्हर ईगल’ नावाचे चांदीचे नाणे निघते. त्यात सुमारे 31 ग्रॅम चांदी असते. 2015 साली अशी चार कोटींहून अधिक नाणी विकली गेली. ही नाणी कुणाच्या खिशात खुळखुळत नाहीत, भाजीच्या पाटीत पडत नाहीत. टाकसाळीतून निघतात ती जपून ठेवण्यासाठीच. मग झीज कसली मोजणार? बाजारात न फिरलेल्या नाण्यांसाठी 60 ते 70 हे गुण राखलेले आहेत, आणि आधुनिक नाणी बहुतेक 69 किंवा 70 वरच येऊन थांबतात. वर्गातील सारीच मुले हुशार निघावीत आणि पहिला नंबर शाईच्या एका ठिपक्यावर ठरावा, तशी ही गत! साध्या डोळ्यांना दोन्ही नाणी सारखीच दिसतात. तरीही 70 गुणांच्या नाण्याला काही वेळा 69 च्या कितीतरी पट भाव येतो.

हा एक गुण कसा ठरतो? इथेच मापे वेगळी होतात. एन.जी.सी.ची 70 गुणांची व्याख्या अशी की, पाचपट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले असता, नाणे तयार झाल्यानंतर पडलेला एकही दोष दिसता कामा नये. पी.सी.जी.एस.ची व्याख्या ठशावर बोट ठेवते: नाणे साच्यातून निघाले तसेच असावे आणि ठसा पूर्ण उमटलेला असावा. वाचायला फरक थोडा वाटतो. पण समजा, एखाद्या नाण्यावर पुढे ओरखडा पडलेला नाही, मात्र टाकसाळीतच ठसा किंचित कमी उठला आहे. त्याचे काय करायचे? एकीची व्याख्या पुढे पडलेल्या डागांविषयी बोलते, दुसरीची ठशाविषयीही. व्याख्या बदलली की गुण बदलण्याची वाट मोकळी झाली.

दुसरे कारण म्हणजे माणसाचा डोळा. परीक्षक नाणे दिव्याखाली तिरपे करून फिरवतो. केसाएवढा ओरखडा एका कोनातून चमकतो, दुसऱ्या कोनातून दिसेनासा होतो. तिसरे कारण म्हणजे काळ. काही चांदीच्या नाण्यांवर महिन्यांनी, वर्षांनी दुधाळ पांढरे डाग उठतात. डबी सीलबंद, चिठ्ठीवर 70, आणि आत नाण्यावर डाग!

‘कॉइन वर्ल्ड’ या अमेरिकन नियतकालिकाने एकदा वर्षभर या गोष्टीची परीक्षाच घेतली. तीच नाणी त्यांनी आळीपाळीने अनेक संस्थांकडे पाठवली. 2003 साली निकाल छापला, तेव्हा असे दिसले की, एकाही नाण्याच्या गुणांवर सर्व संस्थांचे एकमत नव्हते. काही ठिकाणी तर सात गुणांपर्यंत फरक पडला. असे असल्यामुळे काही लोक डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात. आज 69 मिळाले, उद्या 70 मिळतील, ही आशा! नाणे तसूभरही बदललेले नसते.

मंडळी, मग हे गुण खोटे म्हणायचे का? नाही. गुण म्हणजे जाणत्याचे मत. ते मोलाचे खरे, पण ते मत आहे, माप नव्हे. नाणे तराजूत घातले तर वजन कुठेही तेवढेच भरेल. गुणांचे तसे नाही. म्हणून जाणते संग्राहक एकमेकांना सांगतात, “चिठ्ठी विकत घेऊ नका, नाणे विकत घ्या.”

आपल्याकडे हे सांगण्याचे कारण आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे किंवा एखादी जुनी नोट लाखो रुपयांना घेऊ, अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात आणि खेड्यापाड्यांतली भोळी माणसे त्यांत सापडतात. आधी ‘कमिशन’ भरा, ‘कर’ भरा, असे सांगून पैसे काढले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जनतेला स्पष्ट सावध केले आहे की, बँक असल्या व्यवहारांत पडत नाही, त्यासाठी पैसे मागत नाही आणि तसा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही. अमेरिकेतले परीक्षक निदान नाणे हातात घेऊन पाहतात. इथे न पाहताच लाखांचा भाव सांगणाऱ्यावर विश्वास कसा ठेवावा?

गुरुजी, एक प्रयोग वर्गात करून पाहा. रुपयाची दहा नाणी घ्या आणि त्यांना क्रमांक द्या. मुलांना एक भिंग द्या आणि प्रत्येकाला दहापैकी गुण लिहायला सांगा. आठ दिवसांनी तीच नाणी, तीच मुले, पण आधीचे कागद लपवून, पुन्हा गुण मागा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की, मुलांना न शिकवता कळेल की, दुसऱ्याचे तर सोडाच, आपलेच मत आपल्याशी दर वेळी जुळत नाही. एवढे ज्या मुलाला उमगले, तो पुढे कोणत्याही चिठ्ठीवरच्या आकड्याला भुलण्याआधी एकदा आतला माल पाहील.