गरोदरपणातील विसराळूपणा : स्वाभाविक कोणता, तपासून घ्यावा असा कोणता?

गॅसवर ठेवलेले दूध उतू जाणे, सकाळची लोहाची गोळी घेतली की नाही हे न आठवणे, बोलता बोलता नेहमीचाच शब्द न सुचणे, असे अनुभव गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत अनेक स्त्रियांना येतात. घरात त्यावर हसून विषय संपवला जातो किंवा त्या स्त्रीलाच निष्काळजी ठरवले जाते. संशोधन मात्र सांगते की हा अनुभव खरा असतो आणि बहुतेक वेळा सौम्य असतो. काही वेळा मात्र त्यामागे उपचारांनी बरा होणारा आजार असतो. त्यामुळे या दोन स्थितींमधील फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते.

संशोधन काय सांगते?

ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये २० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात ७०९ गरोदर आणि ५२१ गरोदर नसलेल्या स्त्रियांच्या चाचण्यांची तुलना करण्यात आली होती. स्मरणशक्ती आणि कामाचे नियोजन करण्याची क्षमता यांत गरोदर स्त्रिया, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, काहीशा मागे असल्याचे दिसले. ही घट सामान्य मर्यादेतील होती. ती प्रामुख्याने त्या स्त्रीला स्वतःला आणि तिच्या निकटवर्तीयांनाच जाणवेल अशी होती.

स्पेनमधील बार्सिलोना येथील स्वायत्त विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच आई होणाऱ्या २५ स्त्रियांच्या मेंदूचे गर्भधारणेपूर्वी आणि प्रसूतीनंतर स्कॅन करण्यात आले. इतरांच्या भावना आणि गरजा ओळखण्याशी संबंधित भागांत करड्या द्रव्याचे आकारमान घटलेले आढळले आणि हा बदल किमान दोन वर्षे टिकला. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मात्र लक्षणीय घसरण दिसली नाही. ज्या मातांच्या मेंदूत बदल अधिक होता, त्यांची बाळाशी असलेली ओढही अधिक होती. किशोरवयातही करडे द्रव्य असेच कमी होते आणि तो मेंदूच्या परिपक्वतेचा भाग मानला जातो. आकारमान घटले म्हणजे बुद्धी घटली, असा अर्थ त्यामुळे काढता येत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एकाच ३८ वर्षीय स्त्रीचे गर्भधारणेपूर्वीपासून प्रसूतीनंतर दोन वर्षांपर्यंत केलेले २६ स्कॅन प्रसिद्ध केले. हे बदल गरोदरपणात टप्प्याटप्प्याने घडतात आणि प्रसूतीनंतर काही अंशी भरून येतात, असे त्यातून दिसले. अभ्यास एकाच स्त्रीचा असल्याने त्याला मर्यादा आहेत.

झोपमोड आणि कामांचा भार

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी अनेक पटींनी वाढते आणि प्रसूतीनंतर काही दिवसांतच झपाट्याने खाली येते. नवजात बाळाला २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा पाजावे लागते. त्यामुळे आईला सलग झोप मिळत नाही. अपुऱ्या झोपेचा पहिला परिणाम लक्ष आणि स्मरणावर होतो. त्यातच पाजण्याच्या वेळा, लसींच्या तारखा, औषधे आणि घरकाम हे सारे एकाच व्यक्तीने लक्षात ठेवायचे, अशी बहुतेक घरांत अपेक्षा असते.

विसराळूपणाआडचे आजार

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. थकवा, धाप लागणे आणि लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे आहेत. थायरॉइडचे कार्य मंदावणे किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विस्मरण होऊ शकते. हे आजार साध्या रक्ततपासणीत कळतात.

नैराश्य ओळखणे अधिक कठीण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत गरोदरपणी १५.६ टक्के आणि प्रसूतीनंतर १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक विकार, प्रामुख्याने नैराश्य, जाणवते. विस्मरणासोबत दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, सतत रडू येणे, अपराधी वाटणे, बाळाविषयी ओढ न वाटणे किंवा बाळ झोपलेले असतानाही झोप न येणे अशी लक्षणे असल्यास डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर क्षणाचाही विलंब करू नये.

प्रसूतीनंतर अचानक गोंधळलेपण येणे, भास होणे, असंबद्ध बोलणे किंवा न झोपताही उत्साह ओसंडणे ही प्रसूतीपश्चात मनोविकृतीची लक्षणे असू शकतात. हा आजार दर हजार प्रसूतींमागे एक ते दोन स्त्रियांना होतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात किंवा प्रसूतीनंतर तीव्र डोकेदुखी आणि अंधुक दिसणे यांसह गोंधळलेपण आल्यास ते वाढलेल्या रक्तदाबाचे लक्षण असू शकते. दोन्ही स्थितींत रुग्णालय तातडीने गाठावे लागते.

कुटुंबाची भूमिका

सौम्य विसराळूपणासाठी औषधाची गरज नसते. कामे लिहून ठेवणे, औषधांसाठी मोबाइलवर गजर लावणे आणि वस्तूंची जागा ठरवून ठेवणे उपयोगी पडते. रात्रीचे एखादे पाजणे सोडून बाळाची इतर कामे दुसऱ्या कोणी केली, तर आईला काही तास सलग झोप मिळते.

बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रीत मराठी घरांत आजही पाळली जाते. साधारण याच काळात, प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत, आशा कार्यकर्त्या ठरावीक दिवशी नवजात बाळाच्या तपासणीसाठी घरी येतात. आईची झोप, मनःस्थिती आणि विस्मरण यांविषयी त्यांना सांगता येते. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी चोवीस तास समुपदेशन मिळते. नव्या आईला स्वतःहून मदत मागणे अनेकदा जमत नाही. अशा वेळी हा दूरध्वनी पतीने, आईने किंवा सासूनेही करता येतो.